बिनवायरीचं पार्सल

अण्णा, पार्सल आलं.

वारंगा फाट्यावर तू जे आणायला गेला होतास, तेच. ट्रान्सपोर्टवाल्याकडं पडून होतं. तुझी तेरवी झाल्यावर शफीभाई जाऊन घेऊन आले, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे दिलीपनं मागवलं होतं." मला वाटलं बीएनसी असतील, वायरीच्या टोकाला बसवायचे. जाताना तू तसंच सांगितलं होतंस. "कुशे, बीएनसी संपलेत. फाट्यावरून घेऊन येतो." मी म्हटलं, पाहून आण, मागच्या पाकिटातल्या पिना ढिल्या निघाल्या. तू गाडीला किक मारली. आपलं शेवटचं बोलणं हे असं, पिनांचं.

बीएनसीचं पाकीट मुठीत मावतं. हे खोकं दोन हातांनी धरावं लागलं. वहिनीनं सुरी आणून दिली. आत काळा फोम, फोमात दोन काळे डबे, डब्यांना शिंगं. शफीभाईंनी एक डबा तळहातावर ठेवला.

"हा कॅमेऱ्यावर बसतो. दुसरा मिक्सरपाशी. चित्र हवेतून येतं."

"अन् वायर?"

"वायर लागत न्हाई, ताई."

मी परत विचारलं. ते परत तेच म्हणाले. वहिनी फोमचे तुकडे गोळा करत बसली.

तेव्हापासून माझं डोकं चालेना. म्हणून हे लिहायला बसले. मी लिहिलेलं कोणाला दाखवत नाही, हे तुला ठाऊक आहे. आपल्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची शाळा लांब होती, माझं शिक्षण तिथंच थांबलं. पण क्रमानं लिहिलं की मला थोडं समजतं. तुला माहीत असलेलंच सांगते. ऐकून घे.

मी सासरहून परत आले तेव्हा तू सेनगावात लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचास, तू आणि शफीभाई मिळून. मी दार लावून आतल्या खोलीत बसायचे. कोणी आलं की चुलीमागं. एक दिवस तू वायरीचा गुंता माझ्यापुढं आणून टाकलास आणि म्हणालास, "एवढं गुंडाळून दे." मी गुंडाळली. सूत गुंडाळतात तशी, कोपर आणि अंगठ्यावरून, घट्ट. तू कपाळाला हात लावलास. "अगं, ही पायजम्याची नाडी हाय का? आत तांब्याची तार हाय. अशी पिळली तं मरती ती." मग तू उलट-सुलट कशी घालायची ते दाखवलंस. एक वेढा वरून, एक वेढा खालून, म्हणजे फेकली की पीळ न पडता सरळ उलगडते. मला ते लगेच जमलं. तुला दुसऱ्या दिवशीसुद्धा तितकं नीट जमत नव्हतं. तू हसला होतास.

पुढं तू मला वायरीच्या टोकाला बीएनसी बसवायला शिकवलंस. वरची साल काढायची, जाळी मागं सारायची, मधल्या तारेवर पिन चढवायची, पक्कड दाबायची. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या पिनेला टेकला तरी पडद्यावर काळं. मी ओट्यावर उजेडात बसून वायरी सोलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारायच्या, "काय सोलून राहिली वं कुशे? लसून?" तू आतून ओरडायचास, "चित्र सोलून राहिली!"

वायरींना रंगीत टेप लावली तर उन्हात निघून जायची, म्हणून मी टोकांना कापडाच्या पट्ट्या बांधल्या. वहिनीच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ, माझं फुलाचं झंपर, तुझी चौकडीची लुंगी. तेव्हापासून तुमचे कॅमेरेच त्या नावानं चालायला लागले. मांडवात शफीभाईंचा आवाज यायचा, "हिरवा काठ घे, हिरवा काठ घे, नवरी रडून राहिली!" बाहेरचा माणूस ऐकून चक्रावायचा.

ते पुसेगावचं लग्न आठवतं का? पडदा काळा आणि वरबाप डोक्यावर. तू फोनवर मला बोललास, "तुझं बीएनसी खराब हाय." मग शफीभाईंनी पाहिलं तर वायर दोन्हीकडं 'आऊट'मध्ये खोचलेली. भोकं दिसायला सारखीच, घाईत तू पाहिलंच नव्हतंस. शफीभाई अजून सांगतात, "दोघं बी बोलून राहिले, ऐकनारं कोनीच न्हाई." तू मात्र कधी कबूल केलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, "आता झालं ना ते." झालं नाही अण्णा. माझ्या बीएनसीला तू नाव ठेवलं होतंस. ते भांडण आपलं बाकी आहे.

एकदा मी तुला विचारलं होतं, कॅमेरा एका कंपनीचा, मिक्सर दुसरीचा, पडदा तिसऱ्याच माणसाचा, मग एकाचं चित्र दुसऱ्याला कसं समजतं? तू खूश झालास. असं मी क्वचित विचारायचे. तू म्हणालास, "ही एसडीआय पद्धत हाय. जगातल्या कंपन्यायच्या लोकायनं बसून ठरवलं. चित्राचे तुकडे कसे करायचे, कोन्या क्रमानं सोडायचे, भोक केवढं, वायर कशी. सगळ्यायनं मानलं. आता जपानचा कॅमेरा सेनगावच्या मिक्सरशी बोलतो." मी म्हटलं, आपल्या दोन शेतांमधला बांध ठरत नाही, अन् ह्यांनी जग ठरवलं? तू म्हणालास, "म्हनून तं शेत सोडून वायरीत पडलो." नंतर लग्नाच्या वरातीत तू हे चार जणांना सांगितलंस, माझं नाव घेऊन. मला लाजल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

एक गोष्ट तू समजावली होतीस ती मला आता सोडत नाही. तू म्हणाला होतास, जुन्या वायरीत चित्र बिघडायच्या आधी मुंग्या यायच्या, रंग उडायचे, माणसाला समजायचं की काहीतरी होतंय. ह्या नव्या पद्धतीत तसं नाही. वायर लांबवत जा, लांबवत जा, चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. मग एक हात वायर जास्त झाली की एकदम काळं. मधलं काही नाही. "म्हनून स्वच्छ दिसून राहिलं म्हनून भरोसा ठेवायचा न्हाई, कुशे. वायर किती ताणली ते पाहायचं."

त्या सकाळी तू स्वच्छ होतास. दोन भाकरी खाल्ल्या, वहिनीला ठेचा तिखट झाला म्हणालास, गाडी पुसलीस. आणि दुपारी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याचा फोन आला, की बाकावर बसल्या बसल्या कलंडले. मी पुन्हा पुन्हा ती सकाळ काढून बघते. कुठं मुंगी दिसते का. दिसत नाही.

आता भांडणाचं लिहिते. तू वर्षभर माझ्या मागं लागला होतास, मिक्सरवर बस, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जाईल ते बटन दाबून निवड. मी नाही म्हणायचे. मिक्सरवर बसणाऱ्याला कानाला हेडफोन, तोंडापुढं माईक. कॅमेरेवाल्यांशी बोलत राहावं लागतं. मी म्हटलं, मला चार लोकांत आवाज निघत नाही. तू म्हणालास, "चार कुठंयत? दोघंच ऐकतात. अन् ते तुला दिसत बी न्हाईत." मी म्हटलं, बटनं इंग्रजी आहेत. "आकडे हायेत त्यावर. आकडे येत न्हाईत का तुला? चौथी पास हायेस, मिक्सर तं दुसरीपर्यंतचाच हाय." एक दिवस जबरदस्तीनं हेडफोन घातलास माझ्या डोक्यात आणि कॅमेरा घेऊन हरभऱ्याच्या वावरात गेलास. कानात तुझा आवाज. "कुशे, दिसून राहिलो का?" मी मान हलवली. "कुशे, हाव का न्हाई?" मी परत मान हलवली, जोरात. तू वावरातून ओरडत आलास, "अगं, मान हलवलेली वायरीतून येत न्हाई!" वहिनी हसून हसून खाली बसली. मी हेडफोन काढून ठेवला आणि म्हटलं, मला वायरीच बऱ्या. तू म्हणालास, "वायरी काय जन्माला पुरतात का?"

मला वाटलं तू रागानं बोललास. आता वाटतं, तेव्हाच तुला ह्या शिंगाच्या डब्यांचं माहीत होतं.

मग सांगितलं का नाहीस? मी हे शफीभाईंना विचारलं. मी विचारलं म्हणजे वहिनीला विचारायला लावलं. ते खाली बघत म्हणाले, "दिलीप म्हनायचा, कुशी आदी मिक्सरवर बसू दे, हात बसू दे, मंग हे डबे दाखवतो. न्हाईतं तिला वाटंल, वायरी गेल्या अन् मी बी गेले." वहिनी लगेच म्हणाली, "मला तं येगळंच म्हनले होते. म्हने, कुशीचे डोळे चालले सोलून सोलून. आता तिला आराम देऊ, घरी बसंल." शफीभाई म्हणाले, न्हाई वहिनी, माझ्याशी तं… वहिनी म्हणाली, मला काय सपनात सांगितलं का? दोघं माझ्यापुढंच वाद घालायला लागले, तू काय म्हणाला होतास यावर. मी बघत बसले. एकाच्या सांगण्यात तू मला पुढं नेणार होतास, दुसऱ्याच्या सांगण्यात घरी बसवणार होतास. आणि माझ्या हिशोबी तू बीएनसी आणायला गेला होतास.

मला यातलं खरं कळेना. दोन्ही खरं असेल का? माणूस एका माणसाला एक सांगतो, दुसऱ्याला दुसरं, आणि ज्याचं आहे त्याला तिसरंच. तू लबाड नव्हतास. म्हणून जास्त गोंधळ होतो.

आणि खरा प्रश्न तर मी त्या दोघांपुढं काढूही शकले नाही. तो असा आहे. मी तुझ्या कामाची होते म्हणून तू मला वायरी दिल्या होत्यास, का घरात बसून मी झुरू नये म्हणून? लेकराला गप्प ठेवायला कणकेचा गोळा देतात तसं? इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या हातातून चित्र जातं. मांडवात पडदा लागला की मी घरी बसून म्हणायचे, आता माझ्या वायरीतून चाललंय. तू मनात काय म्हणत होतास?

शफीभाई उठता उठता म्हणाले, "पुसेगावच्या शंकरपटाचं दिलीपनं कबूल केलंय. मोठा पडदा, लाईव्ह, सगळं. त्याचा शब्द हाय, मोडता येनार न्हाई. शेवटच्या रेघेवर मी राहतो, बैल सुटतात तिथं आपला कॅमेरेवाला बाळासाहेब कॅमेरा धरंल. मिक्सरला कोन? नांदेडहून मानूस बोलावतो. न्हाई तं…" आणि माझ्याकडं पाहिलं.

वहिनी म्हणाली, "त्या कुठं एवढ्या मान्सांत बसतात, भाई."

मी म्हटलं, बसते.

शफीभाई म्हणाले, "काय म्हनल्या?" माझा आवाज पोचलाच नव्हता. वहिनीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्यांना सांगितलं, "बसते म्हनतात."

तुझा शब्द होता म्हणून मी हो म्हटलं, असं समजू नको. मला बघायचं होतं. जमलं तर शफीभाईंचं खरं असेल. नाही जमलं तर वहिनीचं. तू सांगणार नाहीस, तर असंच कळून घ्यावं म्हटलं. हा विचार बरोबर होता का, ते माहीत नाही.

काल पट झाला, बैलजोड्यांच्या शर्यती. पिकअपच्या हौद्यात मिक्सर, वर हिरवी जाळी. वहिनी माझ्यासोबत आली, पदर घट्ट करून खाली बसली, जणू मला कोणी उचलून नेणार आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्याला आपली वायरच लावली, जवळ होता म्हणून. शेवटची रेघ लांब, तिथं शफीभाईंच्या कॅमेऱ्यावर डबा बसला. डब्यापासून कॅमेऱ्यापर्यंत वीतभर वायर लागतेच, अण्णा. एसडीआयचीच. ती मी केली. शफीभाई म्हणाले होते वायर लागत नाही. थोडी लागते. हे तुला माहीत असेलच.

माणसं किती होती! बांधावर, ट्रॅक्टरवर, झाडांवर. पहिली जोडी सुटली. जोडी हाकणारा धुरकरी ओरडला, धूळ उडाली, आणि माझं बोट एक नंबरवर तसंच राहिलं. मी बघतच राहिले. बैल पार शेवटी गेले आणि मोठ्या पडद्यावर रिकामं वावर. लोकांनी शिट्ट्या घातल्या. कोणीतरी ओरडलं, "अबे झोपला का मिक्सरवाला? ढेकळं पाहाया आलो का आमी?" माझे कान तापले. उठून जावं वाटलं. वहिनीनं माझा पाय धरून ठेवला होता.

कानात शफीभाई बोलायला लागले. "ताई, काहीतरी बोला. मी पडद्यावर हाय का न्हाई, मला इथून कळत न्हाई. माझं चित्र जातं, तिकडून काहीच येत न्हाई. तुमी सांगितलं तरच कळंल मला." आवाजात चिडचिड नव्हती, अडचण होती. ते खरंच अडले होते. मग मला समजलं की मिक्सरवरचा माणूस का बोलतो. मला वाटायचं हुकूम सोडायला बोलतात. तिकडं उन्हात एक माणूस उभा असतो आणि त्याला माहीतच नसतं, की आपलं कोणाला दिसतंय का.

दुसरी जोडी सुटली. मी दोन नंबर दाबला आणि म्हटलं, "शफीभाई, तुमी आलात."

"आं?"

"आलात! पडद्यावर आलात! बैल बी आले!"

मग दिवसभर बोलले. चुका झाल्या. एकदा बाळासाहेब नाक पुसत होता तेच मोठ्या पडद्यावर गेलं, लोक फार हसले. एकदा बैल रेघेच्या आतच दुसरीकडं पळाले आणि मी कोणता कॅमेरा घेऊ या घोळात दोन्ही आलटून पालटून दाबत बसले. पण जोड्या पोचताना दिसल्या. ढेकळं दिसली नाहीत.

परतताना शफीभाई गाडी चालवत होते. मग म्हणाले, "ताई, एक सांगू का? राग नका मानू."

मला वाटलं, झालं. आता नांदेडचा माणूस.

"तुमचा आवाज लई मोठा हाय. दुपारून मी हेडफोन एका कानावर घेतला. बाळासाहेब म्हने, कान बसला माझा."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं. तुझ्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसले. आणि हसता हसता तुझा राग आला, अण्णा, इतका की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. हे ऐकायला तू का नव्हतास? वर्षभर मागं लागला होतास ना? डबे दाखवले असते तर मी रुसले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग बसले असते कदाचित. तुझ्यासमोर बसले असते. मला वाईट वाटेल म्हणून तू गप्प राहिलास, का माझ्याशी बोलायचा कंटाळा आला होता? मला काल जमलं. पण जमल्यानं काहीच कळलं नाही. जमलं तरी तू मला घरी बसवणार असशील. नसतं जमलं तरी पुढं नेणार असशील. मी उगाच परीक्षा मांडली, तपासणाराच नाही.

तू मला वायरी दिल्यास ते चांगलं केलंस. कशासाठीही दिल्या असशील. हे मला म्हणता येतं. बाकीचं येत नाही.

आज सकाळी वायरी उन्हात टाकून पुसत होते. तुझी गाडी दारात उभी आहे, तिच्याकडं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, अंगणभर: "काहून सांगितलं न्हाईस रे?"

वहिनी आतून आली. हाताला पीठ होतं.

"कोनाशी बोलून राहिल्या, कुशाबाई?"

"अण्णाशी."

ती माझ्याशेजारी ओट्यावर बसली, पिठाच्या हातांनी एक वायर उचलली आणि नुसती धरून राहिली. मग म्हणाली, "परवा ह्यायचे शर्ट धुवाया काढले. खिशाखिशात गॅसच्या गोळ्या निघाल्या. अर्ध्या खाल्लेल्या पट्ट्या. छातीत दुखत असंल कवापासून." थोडा वेळ ती गाडीकडं बघत राहिली. "मला म्हनले, ठेचा तिखट हाय. तुमचा आवाज पोचतो आता. हे काहून लपवलं, ते बी इचारा त्याईला."